बदकाची तंगडी आणि आज्ञार्थी वाक्य

आमच्या ह्यांचा स्वभाव वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडाल. रशीद गावात नाईलकाठी लाकडी होड्या बांधणारे जे पाच-सहा कारागीर उरलेत, त्यांतले आमचे हे, बसियूनी, एक; सगळे त्यांना 'उस्ता', म्हणजे उस्ताद, म्हणतात. फळीवर नुसता हात फिरवून कुठून पाणी झिरपेल ते सांगतात. दारू नाही, जुगार नाही, माझ्यावर कधी हात उचलला नाही. खोड एकच. तोंड उघडलं की तलाकची शपथ.

म्हणजे कशी? दारावरून कुणी ओळखीचा चालला की हे ओरडणार, "चहा घेतल्याशिवाय पुढे गेलास तर माझ्या बायकोला तलाक!" न्हाव्याने खुर्ची दिली की, "आधी तू बस, नाहीतर माझ्या बायकोला तलाक!" ती बायको म्हणजे मी. एकदा आम्ही अलेक्झांड्रियाला निघालो होतो, तर ह्यांनी बसच्या ड्रायव्हरलाच शपथ घातली की उसाचा रस प्यायल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ड्रायव्हरला मधुमेह. तीसेक माणसं खोळंबली आणि सगळी वळून माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मागच्या सीटवरची एक बाई ओरडली, "पी रे बाबा एक घोट, तिचा संसार मोडेल!"

मी सांगून थकले. "अहो, हा काय शब्द आहे का येता-जाता तोंडात घ्यायचा?"

"अगं, बोलायची रीत आहे ती. आग्रह मनापासून आहे हे समोरच्याला कळायला नको?"

"आग्रह तुमचा आणि पणाला मी?"

"मग काय लावू पणाला? करवत? करवत उद्या लागणार आहे मला."

बावीस वर्षं अशी गेली. एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं, ती दमन्हूरला नांदते आहे, आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. दिवसभर आज्ञार्थी वाक्यं शिकवायची आणि घरी येऊन ती ऐकायची. "इन्साफ, पाणी आण. इन्साफ, दार लाव. इन्साफ, बस, ऊठ, चल."

त्या गुरुवारी शाळेत इन्स्पेक्टर आले. लमईसाहेब नाव, अठ्ठावन्न वर्षांचे, काटकुळे, खिशात टेबलक्लॉथएवढा रुमाल. आमच्या मुख्याध्यापिकेने दुधाचा चहा पुढे केला तर ते हात जोडून म्हणाले, "आमचा मोठा उपास चालू आहे, बाई. ईस्टरपर्यंत दूध नाही, अंडं नाही, मांस-मासळी काही नाही. काळा चहा द्या." तेव्हा कुठे त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेला छोटा क्रॉस मला दिसला. आमच्याकडच्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांचे उपास फार कडक, वर्षातले अर्ध्याहून जास्त दिवस. साहेब तर तेल-मीठ लावलेल्या बाकल्याच्या उकडलेल्या दाण्यांवर आणि पालेभाजीवर महिना काढून आले होते.

मला नेमून दिलेला धडा होता आज्ञार्थी वाक्यांचा. मी सुरुवात झोकात केली. या वाक्यात कर्ता दिसत नाही, तो 'तू' गप्प बसलेला असतो, क्रियापदच पहिलं येऊन उभं राहतं वगैरे सांगितलं. मग म्हटलं, प्रत्यक्ष करून दाखवू. "ओपन द विंडो!" माझ्या तोंडातून वाक्य पुरतं बाहेर पडायच्या आत एकेचाळीस पोरींपैकी निदान दहा जणी खिडकीवर तुटून पडल्या. इन्स्पेक्टरसमोर प्रत्येकीला आज्ञाधारक व्हायचं होतं. खिडकीचं झडप बिजागरीतून निखळून त्यांच्या हातात आलं. आता "क्लोज द विंडो" कशी शिकवू, कपाळ माझं? नाईलवरचा वारा आत आला आणि साहेबांचे कागद वर्गभर उडाले. "पिक अप द पेपर्स" मात्र मुलींनी फार सुंदर पाळलं.

मग रुकय्याने हात वर केला. ही पोरगी प्रश्न विचारायला लागली की मी आधी घड्याळाकडे बघते.

"मिस, हुकूम आणि आमंत्रण दोन्ही असंच दिसतं ना? मग माझी आई मावशीला म्हणते, 'बस गं, जेवून जा, ऐक माझं.' आणि मावशी गेली की म्हणते, 'गेली बाई एकदाची.' ते कुठल्या प्रकारचं वाक्य?"

वर्ग खदाखदा हसला. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, "बोलणाऱ्याच्या स्वरावरून ओळखायचं." साहेब रुमालाने डोळे पुसत होते. म्हणाले, "मुली, तुझी आई आणि माझी बायको सख्ख्या बहिणी असाव्यात." मला हायसं वाटलं. तास पार पडला.

मी हजेरीपट ठेवायला ऑफिसात गेले, आणि तेवढ्यात घात झाला.

आमचे हे कुणाचीतरी तीनचाकी घेऊन फाटकाशी येऊन उभे होते. सकाळपासून त्यांनी दोन बदकं कापून शेजारच्या उम्म शवकीला स्वयंपाकाला बसवलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नाही. बायकोच्या शाळेत मोठा पाहुणा आला आणि उपाशी परत गेला तर धक्क्यावर तोंड कसं दाखवायचं, असा त्यांचा हिशेब. साहेब म्हणाले नको. हे म्हणाले चला. साहेब म्हणाले, माझा उपास आहे. आणि इथे ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, पण चुकीचा. गुरुवार होता ना! आमच्यातले धार्मिक लोक सोमवार-गुरुवारी जादाचा रोजा धरतात, आणि तो यजमानाच्या आग्रहाखातर मोडलेला चालतो. शिवाय पाहुण्याने तीनदा नाही म्हणायचं आणि चौथ्यांदा मानायचं ही तर रीतच. म्हणजे साहेब किती सभ्य माणूस, असं ह्यांना वाटलं. "तीनचाकीत बसला नाहीत तर माझ्या बायकोला तलाक!" साहेब बिचारे बसले. बसायला काय, उपास थोडाच मोडतो?

फाटकावरच्या शिपायाने हे सगळं सांगितलं तशी मी धावतपळत घरी पोचले, तर साहेब टेबलाशी बसलेले, समोर परातीत बदकं. भातात बदकाचाच रस्सा, मुलुखियाच्या भाजीत बदकाचाच रस्सा, पोळीवर साजूक तूप. साहेबांनी खाण्यासारखी वस्तू शोधून काढली होती, कोशिंबिरीचा पाला. तो ते एकेक पान करून अगदी मान देऊन खात होते.

मी दारातूनच म्हटलं, "अहो, ऐका जरा—"

"तू पाणी आण," हे म्हणाले. मग तंगडी मोडून साहेबांच्या ताटात ठेवली आणि छातीवर हात ठेवून खड्या आवाजात म्हणाले, "साहेब, ही तंगडी पोटात गेल्याशिवाय तुम्ही या दारातून बाहेर पडलात, तर माझ्या बायकोला तलाक, तलाक, तलाक!"

तीनदा! एकदा म्हणायची सवय होती, तीनदा कधी म्हटलं नव्हतं. इन्स्पेक्टर म्हणून खास. उम्म शवकीच्या हातातली पळी खाली पडली.

साहेबांनी पाला खाली ठेवला, बाही वर सरकवली आणि मनगट दाखवलं. "भाऊ, माझा गुरुवारचा रोजा नाही. ईस्टरचा उपास आहे."

ह्यांनी क्रॉसकडे पाहिलं, तंगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "तेच सांगायला आले होते."

मग साहेबांनी घसा साफ करून विचारलं, "शपथेचा हा प्रकार आमच्यात नाही. आमच्यात तलाकच नाही. तर हे खरोखर लागू होतं का?"

"तीनदा म्हटलं की काही उरत नाही," उम्म शवकी कपाळ बडवत म्हणाली. मग तिला सुचलं, "पण उस्ता 'या दारातून' म्हणाले. खिडकी आहे की!"

खरं सांगते, साहेब उठून खिडकीपाशी गेले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खाली कोळ्यांची जाळी वाळत घातलेली. साहेबांनी वाकून पाहिलं, चष्मा सावरला, पुन्हा पाहिलं. परत येऊन बसले आणि म्हणाले, "ईस्टरला चोवीस दिवस आहेत. त्या दिवशी खाल्ली तर चालेल का? तोवर मी इथेच..."

ह्यांचा चेहरा उजळला. "अहो, राहा की! चोवीस दिवस काय, चोवीस महिने राहा! राहिला नाहीत तर माझ्या बा—"

मी ह्यांच्या तोंडावर हात दाबला.

इथवर मलाही हसू येत होतं. पण मग साहेब गंभीर झाले. ताटाकडे बघताना त्यांचे ओठ हलले, बहुतेक प्रार्थना केली असावी. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, देव माझ्यावर रागावणार नाही. एका घराचा प्रश्न आहे. एक घास खातो." आणि त्यांनी तंगडीला हात घातला.

मला काय झालं ते मी तुम्हाला नीट सांगू शकणार नाही. हा परका माणूस. सकाळपर्यंत मी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. माझा संसार वाचावा म्हणून महिनाभराचा उपास मोडायला निघाला होता. आणि माझ्या माणसाने तोच संसार बदकाच्या तंगडीवर लावला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ठेवा ती खाली!" मी ओरडले.

साहेबांनी चटकन ठेवली. मी इन्स्पेक्टरवर ओरडले होते. वर्षाचा अहवाल ज्याच्या हातात, त्याच्यावर! पण आता थांबते कशाला? मी दार सताड उघडलं. "उठा. पिशवी घ्या. आणि या दारातून बाहेर चला."

"ताई, पण तुमचं—"

"माझं मी बघते. चला!"

साहेब उठले. बसियूनी म्हणाले, "इन्साफ, दार लाव."

मी लावलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. साहेब उंबरा ओलांडून गेले, उम्म शवकीने किंकाळी फोडली, आणि मी माझी पर्स उचलून त्यांच्या मागोमाग जिना उतरले. खाली साहेबांनी मला रुमाल दिला. मी घेतला. त्याला कोशिंबिरीच्या पाल्याचा वास येत होता.

मी माझ्या भावाकडे गेले, फिक्रीकडे. चार गल्ल्या पलीकडे त्याचं घर आहे. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं, तर हा गाढव पोट धरून हसायला लागला. मग माझा चेहरा बघून चादर शोधायला गेला.

शेख मिदहत आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीचे इमाम. बसियूनी संध्याकाळच्या आतच त्यांच्याकडे रडत गेले. शेखसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दाढी कुरवाळत म्हणाले, "पाहुण्याला जेवायला लावण्यासाठी घेतलेली शपथ ती. बायकोला सोडायचा विचार मनात होता का?"

"अजिबात नाही!"

"मग तलाक झाला नाही. शपथ मोडली म्हणून दहा गरिबांना जेवू घाल. आणि बसियूनी, जीभ सांभाळ. होडीला भोक पडलं तर तू बुजवतोस. घराला पडलं तर तुला कळतही नाही."

हे सगळं फिक्रीने येऊन सांगितलं. "झालं! तलाक नाही. ऊठ, चल घरी."

मी म्हटलं, "शेखसाहेबांच्या हिशेबाने माझं लग्न टिकलंय. माझ्या हिशेबाने मी अजून ठरवते आहे."

"काय ठरवते आहेस?"

"जायचं की नाही ते."

"अगं, वेडी का खुळी तू? तलाक झालाच नाही म्हणतोय मी!"

"झाला असता तर सोपं होतं," मी म्हटलं. "ज्याला दर चहाला मला सोडायची भाषा सुचते, त्याच्या घरी मी का परत जाऊ, एवढंच मला कुणीतरी सांगा."

मग निरोप यायला लागले. शनिवारी उम्म शवकी आली, "उस्ता म्हणतात, ये." रविवारी धक्क्यावरचा एक सुतार आला, "उस्ता म्हणतात, लवकर ये." सोमवारी हे स्वतः रस्त्यावर उभे राहून वर बघत ओरडले, "इन्साफ, खाली उतर!" मी खिडकी लावून घेतली. ही खिडकी नीट लागत होती, देवाची कृपा.

मंगळवारी त्यांनी दहा गरिबांना जेवू घातलं. स्वतः रांधून. भात करपला होता असं ऐकलं. वाढताना आग्रह करायची सवय, "अजून घे, नाहीतर माझ्या—" एवढं म्हणायचे आणि तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळायचे. एक म्हातारा शेवटी म्हणाला म्हणे, "बाबा, घेतो, घेतो, पण तू रडू नकोस." ते ऐकून मला वाईट वाटलं. मग वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

बुधवारी शाळेत लमईसाहेबांचा अहवाल आला. मुख्याध्यापिकेने सगळ्यांसमोर वाचला. 'शिक्षिकेचं आज्ञार्थी वाक्यांवर प्रभुत्व असून त्या निःसंकोच आणि स्पष्ट स्वरात ती वापरतात. ऐकणाऱ्याला पाळण्यावाचून गत्यंतर राहत नाही. खिडकी दुरुस्त करून घ्यावी.' बाकीच्या शिक्षिकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र दिवसभर कशातच गोडी वाटेना. घरी कुणाला वाचून दाखवू? फिक्रीला? तो पुन्हा पोट धरून हसला असता.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून हे आले. इस्त्रीचा गल्लाबिया, म्हणजे पायघोळ झगा, घातलेला, दाढी केलेली, हनुवटीवर ब्लेड लागलेलं. फिक्रीने दार उघडलं आणि शहाण्यासारखा आत निघून गेला. बसियूनी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"चल," ते म्हणाले.

मी दाराला टेकून उभी राहिले.

"सामान घे. चल." मग छातीवर हात गेला, तोंड उघडलं, "आली नाहीस तर माझ्या—" आणि ते थबकले. कारण आता बायकोच समोर होती. मलाच घरी न्यायला मलाच सोडायची धमकी! माणसाच्या चेहऱ्यावर एवढा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता. हात खाली आला. ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले, कठड्याची सैल फळी उगाच चाचपून पाहिली, मग पायांकडे बघत म्हणाले, "येशील का?"

हे त्यांच्या तोंडून इतकं अवघड निघालं की शब्द ओळखीचेच वाटेनात. बावीस वर्षांत या माणसाने मला कधी काही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं, मागवलं होतं, बोलावलं होतं. विचारलं नव्हतं. आणि मला, जिने आठ दिवस त्यांना सुनवायची भाषणं पाठ केली होती, एक शब्द आठवेना. मग जे पहिलं तोंडात आलं ते बोलून गेले.

"नाही."

आता हे भडकणार, धक्क्यावरचा आवाज काढणार, म्हणून मी डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. पण ते भडकले नाहीत. डोळे मिचकावले दोनदा. "बरं," म्हणाले. वळले आणि जिना उतरायला लागले. चार पायऱ्या उतरले असतील, तिथेच थांबले, आणि वर न बघता त्यांनी विचारलं, "उद्या परत विचारायला येऊ का?"

हसू येतंय की रडू ते मला कळेना.

"उद्या कशाला?" मी म्हटलं. "आत्ताच विचारा परत."

ते चार पायऱ्या चढून वर आले आणि त्यांनी परत विचारलं. मी लगेच उत्तर दिलं नाही. ते कपाळावरचा घाम पुसत, शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे होते. आणि सांगायला लाज कसली, मला ते फार आवडत होतं, म्हणून मी अजून थोडा वेळ घेतला.